मदतनिधीसाठी पाककला परिषद, सांगली: व्याख्यानं, प्रात्यक्षिकं आणि रात्रीचं जेवण

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सांगलीत एक दिवसाची पाककला परिषद ठरते आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच शेफ मंडळींची पाच व्याख्यानं प्रात्यक्षिकासह, आणि साडेसातला जेवण. येणारे २५०. खर्च वजा जाता जे उरेल ते ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाला द्यायचं आहे.

सूत्र एकच धरलंय: दिवसा मंचावर जे शिकवलं जाईल, तेच रात्री पानात यावं. म्हणून विषयही इथलेच आहेत. हळद, बेदाणा, अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी आणि मटणाचा रस्सा. पानात सुकं मटण आणि रस्सा, शाकाहाऱ्यांना कृष्णाकाठची भरली वांगी, सगळ्यांना अख्खा मसूर, भाकरी, भात, ताक आणि बेदाणे घातलेलं श्रीखंड. मांसाहारी १५०, शाकाहारी १०० धरलेत.

चार बाबतींत जाणत्यांचा सल्ला हवा: प्रमाणं, मंचावरची मांडणी, अन्नाची सुरक्षितता आणि पैशांचा हिशेब. तारीखही अजून पक्की नाही.

माणदेशी

तारखेपासून सुरुवात करा. फेब्रुवारी हा महिना उत्तम. ओली हळद शेतातून निघत असते, गुऱ्हाळं चालू असतात, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भरात असते, तासगावकडे बेदाण्याचा हंगाम सुरू होतो. जुलै-ऑगस्टचा विचारही नको. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीनं पाहिलेत.

पण पंचांग बघितल्याशिवाय सभागृहाला आगाऊ रक्कम देऊ नका. त्या रविवारी एकादशी किंवा संकष्टी आली, तर मटणाचा आकडा निम्म्यावर येईल आणि उपवासाच्या पानांची वेगळी सोय लावावी लागेल. महाशिवरात्रही याच सुमारास असते. मोठा लग्नमुहूर्त असेल तर चांगले आचारी, वाढपी आणि भांडी काहीच मिळणार नाही. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. सभागृह वस्तीत असेल तर बाहेर कर्णे लावू नका. रात्री दहानंतर तर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्यानंच मनाई आहे.

पाहुणे पुण्याहून मोटारीनं येणार असतील तर त्यांना आदल्या दिवशीच बोलवा. खंबाटकी घाटात सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागली की सकाळचं पहिलं व्याख्यान हातचं गेलं. रेल्वेनं येणाऱ्यांसाठी मिरज जंक्शन सोयीचं. विमानानं येणाऱ्यांना दोन गोष्टी आधी कळवा: सुऱ्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, सामानात द्याव्या लागतात, आणि ब्लोटॉर्चचा गॅसचा डबा विमानात अजिबात चालत नाही. तो इथंच घेऊन ठेवा.

भट्टीवाला

प्रमाणं सांगतो. सगळी कच्च्या मालाची.

मटण: माणशी २०० ग्रॅम हाडांसह, म्हणजे ३० किलो. मांडी-खांद्याचे तुकडे सुक्याला, नळी आणि बरगडी रश्शाला. किलोला ३०० ग्रॅम कांदा, १०० ग्रॅम सुकं खोबरं आणि ४० ग्रॅमच्या आसपास कांदा-लसूण मसाला. मसाला प्रत्येक घरचा वेगळा असतो, म्हणून आधी २ किलोचा एक घाणा करून चव ठरवा आणि मगच ३० किलोला हात घाला. मोठ्या घाण्यात तिखट हिशेबाच्या ८० टक्केच घालायचं. उरलेलं चव बघून, तेलात परतून वरून. कच्चा मसाला शेवटी ढकलला तर घशाला लागतो.

पाण्यात बहुतेक जण चुकतात. घरी एक किलोला दीड लिटर पाणी लागतं, म्हणून ३० किलोला ४५ लिटर ओतलं की रस्सा पांचट होतो. मोठ्या पातेल्यात मालाच्या मानानं वरचं तोंड लहान असतं, त्यामुळे वाफ कमी जाते. ३० ते ३३ लिटरवर थांबा. कमी पडलं तर उकळतं पाणी घालता येतं; जास्त झालेलं काढता येत नाही. पाणी गार घातलं तर कट फुटतो आणि तर्री वर येत नाही.

अख्खा मसूर: माणशी ४० ग्रॅम, एकूण १० किलो. सहा तास भिजवायचा. टोमॅटो किंवा चिंच मसूर बोटानं दबेपर्यंत घालायची नाही. आंबटानं साल घट्ट राहते, मग वरून मऊ दिसतो आणि दाताखाली कचकचतो.

वांगी: माणशी दोन, ४०-५० ग्रॅमची, म्हणजे १०० जणांना २०० नग. प्रत्यक्षात २५० घ्या. किडकी निघतात आणि मांसाहारी मंडळीही मागून घेतात. चिरून लगेच मिठाच्या पाण्यात. भरल्यावर मोठ्या पातेल्यात तीन थरांपेक्षा जास्त रचू नका. खालची गळतात, वरची कच्ची राहतात. पसरट लंगडी उत्तम.

भात माणशी ६० ग्रॅम तांदूळ, १५ किलो. भाकरी आहे म्हणून एवढा पुरतो.

श्रीखंड: माणशी ९० ग्रॅमच्या हिशेबानं १२ किलो चक्का आणि १० किलो साखर. चक्का स्वतः टांगणार असाल तर दुधाच्या प्रतीनुसार ३० ते ३५ लिटर दही लागेल. साखर आदल्या रात्री मिसळून ठेवा, सकाळी पुरणयंत्रातून काढा. त्याच दिवशी घाईनं केलं की साखर रवाळ लागते.

चूल_आणि_तवा

भाकरीचा हिशेब वेगळा मांडते, कारण अशा जेवणात घोटाळा होतो तो भाकरीवर.

२५० माणसांना दीड भाकरी धरली तर ३७५. एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ, म्हणजे ३४ किलो; वरचं लावायचं पीठ धरून ३७ किलो. सराईत बाई एका चुलीवर तासाला ३० ते ३५ करते. दोन तासांत ३७५ हव्या असतील तर सहा चुली आणि सहा थापणाऱ्या. शिवाय पाणी-पीठ पुरवायला आणि भाजलेल्या उचलायला दोघी. चार चुलींत भागवायचं ठरवलंत तर सुरुवात तासभर आधी करावी लागेल आणि पहिल्या भाकऱ्या पानात जाईपर्यंत वातड होतील.

पीठ दोन दिवस आधी दळा, त्याआधी नको. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यानं पिठाचा स्टार्च फुलतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडेला चिरते. बाजरीचं तर आणखी नाजूक. तिच्यातल्या तेलामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं.

काढलेली भाकरी बांबूच्या टोपलीत सुती कापडावर उभी लावायची. फॉइलमध्ये किंवा प्लास्टिकच्या डब्यात कोंडली तर स्वतःच्याच वाफेनं ओली होते.

आणखी एक मनापासून सांगायचं आहे. या बायकांना मंचावर बोलवा. भाकरीचं व्याख्यान शेफनं जरूर द्यावं, पण थापणारे हात तिथं त्यांचेच असावेत, आणि त्यांना मानधनही शेफसारखंच पाकिटातून, सगळ्यांसमोर द्या.

कृष्णाकाठ

हे लगेच मान्य. सहा चुलींसाठी सभागृहाच्या मागे मोकळं अंगण आहे. मंचाबद्दल कुणी सांगेल का?

तिसरी_घंटा

विजेपासून सांगतो. मंचावर उघडी आग टाळा, इंडक्शन वापरा. पण २००० वॉटची एक शेगडी २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर ओढते. दोन शेगड्या एकाच १६ अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेंशननं जोडल्या, तर १७ च्या वर जातं आणि ऐन फोडणीत एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो. प्रत्येक शेगडीला स्वतंत्र सॉकेट हवं. ध्वनिव्यवस्था वेगळ्या फेजवर घ्या, नाहीतर शेगडी चालू-बंद होताना स्पीकरमध्ये गुणगुण येते. जनित्र ठेवणार असाल तर दोन शेगड्या, मिक्सर, प्रोजेक्टर आणि ध्वनी मिळून सात-आठ किलोवॉटचा भार धरा.

इंडक्शनवर पितळ, तांबं, साधं ॲल्युमिनियम चालत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतं का बघा. पाहुण्यांना भांड्यांची यादी आठवडाभर आधी मागा.

दिसण्याचं काय? मागच्या रांगेतल्या माणसाला पातेल्याच्या आतलं दिसलं नाही, तर ते नुसतं भाषण. टेबलाच्या वर कॅमेरा लावा, पण बरोबर डोक्यावर नको. वाफेनं काच धुरकटते. एक-सव्वा मीटर बाजूला, तिरका. एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) स्वयंचलित ठेवू नका. पांढरी ताटली पुढे आली की सगळं काळवंडतं आणि हळदीचा रंगच दिसत नाही. ॲप्रनला लावलेला माइक घासतो, म्हणून कानावरचा घ्या. मिक्सर फिरताना माइक बंद करायला एक माणूस तिथेच बसवा.

वेळ: प्रत्येकाला ४५ मिनिटं. त्यात २५ मिनिटं कृती, १० बोलणं, १० प्रश्न. मसूर शिजायला लागणारा वेळ मंचावर देता येत नाही, म्हणून भिजवलेला, अर्धा शिजलेला आणि पूर्ण झालेला अशी तीन पातेली तयार हवीत. दोन व्याख्यानांत १५ मिनिटं मंच पुसायला, भांडी बदलायला.

बंद सभागृहात मिरचीची किंवा कांदा-लसणाची फोडणी देऊ नका. ठसका लागून अर्धी मंडळी बाहेर जातात, ती चहा पिऊनच परत येतात. ती फोडणी मागच्या स्वयंपाकघरात, पंख्याखाली. धूर ओळखणारी यंत्रणा असेल तर व्यवस्थापकाला आधी सांगा. ती बंद मात्र करायला लावू नका.

भट्टीवाला

चवीचा मुद्दा राहिला. चवीपुरतं देताना माणशी २० ग्रॅमच. पाच व्याख्यानांचे १०० ग्रॅम होतात, तेवढं ठीक. ५० ग्रॅमच्या वाट्या दिल्या तर संध्याकाळी भूक मरते आणि जेवण उरतं. हे २० ग्रॅम मंचावरच्या पातेल्यातून निघणार नाहीत. तोच पदार्थ, ५ किलोचा घाणा, मागे त्याच वेळी तयार होत असला पाहिजे, आणि प्रश्नोत्तरं सुरू होताच वाट्या निघाल्या पाहिजेत.

गॅस: १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडरच घ्या, घरगुती १४.२ किलोचे वापरणं बेकायदा आहे. मोठ्या भट्टीला एकच सिलिंडर जोडला की तासाभरात बाहेरून दंव धरतो आणि आच मंदावते. गॅस संपलेला नसतो. द्रवाची वाफ व्हायचा वेग कमी पडतो. दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून द्या. त्यावर उकळतं पाणी ओतायचा उद्योग कुणी करू नये, तो जिवावर बेततो.

राजापुरी

हळदीच्या व्याख्यानाबद्दल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेठेत सौदे चालतात, हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामी पाहुण्यांना तिकडे न्या. पण व्याख्यानात नुसता इतिहास नको, हाताशी प्रयोग असू दे.

तीन काचेचे पेले. पहिल्यात गार पाणी, दुसऱ्यात कोमट तेल, तिसऱ्यात चुन्याची निवळी. तिन्हींत पाव चमचा हळद. पाण्यात ती बहुतेक खाली बसते, तेलात रंग उतरतो, निवळीत लाल होते. हळदीचं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून फोडणीत हळद. तेल धुरावलं असेल तर मात्र ती करपते आणि कडू होते. लाल रंगाचा धडा मसुराला लागू पडतो: मऊ करायला सोडा जास्त घातला आणि त्यात हळद असली, तर रंग तांबूस, मळकट होतो.

भेसळीची घरगुती चाचणी: पेलाभर पाण्यात चमचाभर पूड सोडा, हलवू नका. चांगली हळद बसताना पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळला असेल तर गडद पिवळं होतं. यावरून फक्त शंका घेता येते. खात्री प्रयोगशाळेतच होते, हेही वक्त्यानं स्पष्ट सांगावं.

ओली, शिजवून वाळवलेली आणि पॉलिश केलेली अशी हळकुंडं हातोहात फिरवा. ओल्याचं वाळलेलं साधारण पाचास एक उरतं. किलोचा भाव ऐकताना शेतकऱ्याचा हा तोटा समोर असला पाहिजे.

बेदाण्याचंही तसंच. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवतात. त्यानं सालीवरचा मेण सैल होऊन पाणी लवकर निघतं. हिरवट रंगासाठी पुढे गंधकाची धुरी देतात. श्रीखंडात घालण्याआधी बेदाणे कोमट पाण्यात दोनदा धुऊन, कापडावर पूर्ण सुकवून घ्या. ओले घातले तर त्यांच्याभोवती पाणी सुटतं.

स्वच्छ_हात

गंधकाच्या धुरीचा उल्लेख आला ते बरं झालं. काही दमेकऱ्यांना त्या धुरीतून बेदाण्यात उतरणाऱ्या सल्फाइटचा त्रास होतो. नोंदणी अर्जातच विचारा: शेंगदाणा, तीळ, दूध, सल्फाइट. आपल्याकडच्या वाटणात शेंगदाण्याचं कूट, तीळ सगळीकडे असतं. पदार्थांसमोर पाट्या लावा, आणि शेंगदाणा न चालणाऱ्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावानं.

केटररचा एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना बघा. क्रमांक १४ आकडी असतो. नुसता फोटो पाहून थांबू नका. संकेतस्थळावर मुदत तपासता येते.

तापमान: मटण आतून ७५ अंश सेल्सिअसला गेलं पाहिजे, वाढेपर्यंत ६० च्या वर, आणि श्रीखंड ५ च्या खाली. सात-आठशे रुपयांचा टोचायचा थर्मामीटर घ्या, अंदाज नको. गरम ठेवायच्या भांड्यात आधी खालचं पाणी तापवा, मग अन्न ठेवा. ती सोय गरम राखायला असते, तिच्यात गार अन्न तापत नाही.

सगळ्यात मोठा धोका आदल्या रात्री केलेल्या रश्शाचा. २० लिटरचं पातेलं झाकून ठेवलं तर मध्यभाग सकाळपर्यंत कोमट राहतो. मटणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि भातात बॅसिलस सेरियस हे जिवाणू याच कोमटपणात वाढतात. त्यांचे बीजाणू उकळीत मरत नाहीत, आणि सेरियसचं उलटी करणारं विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. आधी करायचंच असेल तर दोन इंच खोल परातींत ओता, ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आणा. माझं स्पष्ट मत: वाटण आदल्या दिवशी करा, रस्सा त्याच दिवशी.

उरलेलं अन्न वसतिगृहाला पाठवणार असाल तर पानातलं किंवा टेबलावर मांडलेलं नाही, फक्त मागच्या पातेल्यातलं, गरम असतानाच, झाकणावर वेळ लिहून. श्रीखंडाची गाडी बर्फाच्या पेटीशिवाय हलवू नका. तळणाचं तेल पुन्हा वापरू नका. तेल वारंवार तापल्यानं त्यात साठणारे पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकाऊ, असा २०१८ पासून नियम आहे.

जमाखर्च

उदाहरणादाखल आकडे मांडतो. प्रवेशमूल्य १,५०० धरलं तर २५० जणांचे ३,७५,००० होतात. जेवण ४०० प्रमाणे १,००,०००, चहा-नाश्ता १०० प्रमाणे २५,०००, प्रात्यक्षिकांचा माल २०,०००, सभागृह ४०,०००, ध्वनी-कॅमेरा-जनित्र ३५,०००, छपाई १०,०००. एकूण २,३०,०००. उरले १,४५,०००. म्हणजे शंभरातले ३९ रुपयेच मुलांपर्यंत पोचतात, आणि पाहुण्यांचा प्रवास-मुक्काम व चुलीवरच्या मानधनाचा यात अजून पत्ताच नाही. सभागृह आणि ध्वनीचा खर्च कुणीतरी उचलला तरच हा आकडा लाज राखणारा होईल. आधी प्रायोजक, मग तिकिटं छापा.

पावत्यांबद्दल. १,५०० ची पूर्ण रक्कम देणगी म्हणून दाखवू नका. त्यातल्या जेवणाचा मोबदला माणसाला मिळालेला असतो. तिकीट वेगळं, देणगी वेगळी, पावतीपुस्तकंही वेगळी. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (८०जी) जुनी करपद्धत घेणाऱ्यालाच मिळते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि वस्तुरूपानं दिलेल्या तांदूळ-गुळालाही नाही. शिवाय संस्थेनं देणग्यांचं विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरल्यावरच दात्याला प्रमाणपत्र मिळतं, म्हणून पॅन तिथेच लिहून घ्या. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत. पावतीवरचा मजकूर छपाईआधी सनदी लेखापालाला दाखवा.

आयोजक हा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास नसेल, तर निधी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या.

आणि मदतीचं आवाहन नेमकं कधी करायचं हे आधी ठरवा. आपल्याकडे भात आणि ताक आलं की माणूस उठायच्या तयारीत असतो. भाकरी-रस्सा चालू असताना, दुसरी वाढ झाल्यावर, पाच मिनिटांत आवाहन करा. क्यूआर कोड प्रत्येक टेबलावर हवा, मंचावरच्या फलकावर लावून उपयोग नाही.

कृष्णाकाठ

जमाखर्च, तिकीट आणि देणगी वेगळी करतो. सभागृहाचं भाडं एका व्यापाऱ्यानं उचलावं म्हणून बोलणं सुरू करतोय. पंगत की बुफे?

भट्टीवाला

पंगत. १२५ च्या दोन केल्या तर आवाहन दोनदा करावं लागेल, म्हणून टेबल-खुर्च्यांवर एकच २५० ची. १२ ते १५ जणांमागे एक वाढपी, म्हणजे १८ वाढपी. स्टीलची ताटं भाड्यानं घ्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर बंदी आहे. शाकाहारी रांगा पूर्ण वेगळ्या, वाढपी आणि बादल्याही वेगळ्या.

माणदेशी

मसुरासाठी पाणी कुठलं आहे, तेही विचारून घ्या. टँकर बोअरचा असेल तर जड पाण्यात मसूर तासभर जास्त घेतो, कारण त्यातला कॅल्शियम सालीला घट्ट करतो. जत-आटपाडी आणि माण-खटाव भागात हे नेहमीचं.

भट्टीवाला

बरोबर. भिजवायला आणि शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी ठेवा, १० किलोला ४० लिटर वेगळं काढून. बोअरचं भांडी धुवायला. आणि आठवडाभर आधी त्याच पाण्यात, त्याच दुकानातला एक किलो मसूर शिजवून वेळ मोजा. जुना मसूर असेल तर तिथेच कळेल, पोतं परत करता येईल.